मी आबांना दिलेली खुर्ची

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, दौंडला रेल्वेत चावीवाले होते. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाड्यांच्या हादऱ्यानं त्या ढिल्या होतात. चावीवाल्यानं रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं, ढिली चावी दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची, रुळाला कुठं तडा गेलाय का बघायचं. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत गुंडाळलेल्या लाल-हिरव्या झेंड्या, फडक्यात भाकरी. उन्हाळा असो, थंडी असो, आबा चालत होते. माझं एम.एस्सी.पर्यंतचं शिक्षण त्या चालण्यावर झालं.

ते चालणं मी बंद पाडलं. वाईट हेतूनं नाही, आणि कुणी मला त्याबद्दल दोषही दिला नाही. उलट सगळ्यांनी कौतुक केलं. म्हणूनच बहुधा ते इतकी वर्षं मनातून जात नाही.

नव्वदचं दशक निम्मं होत आलं होतं तेव्हा मी शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो. शनिवारी एस.टी.नं दौंडला जायचो, सोमवारी पहाटे परत. आबांचा उजवा गुडघा त्या सुमारास दुखायचा. घरी आले की ते पाय लांब करून बसायचे, आई तेल चोळायची, आणि आबा दिवसभरात काय काय पाहिलं ते सांगत राहायचे. रुळाकडेला मुंगसाची जोडी दिसली, मालगाडीच्या ड्रायव्हरनं हात केला, अमक्या पुलाखाली कुणीतरी बाभळी तोडून नेल्या. रोजचं तेच, पण रोज काहीतरी नवं.

एका बारशाला आमचे मामा भर पंगतीत मला म्हणाले, “काय गुरुजी, तुम्ही पंख्याखाली आन् बाप लायनीवर व्हय?”

लोक हसले. आबांनीच उत्तर दिलं, “लायनीवर वारं मोप आस्तंय, पाव्हणं. तुमच्या पंख्याला बिल येतं.”

लोक आणखी हसले. मला हसू आलं नाही. आमच्यात मुलगा नोकरीला लागला की म्हाताऱ्यांनी बसून खायचं, अशी रीत. मुलाच्या शिक्षणाचं सार्थक झालं की नाही, हे बाप बसलाय की उभा आहे यावरून लोक ठरवायचे. आमच्या वस्तीत आधीच्या पिढ्यांनी जन्मभर उभ्यानं राबण्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. त्यामुळं बसणं ही आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. ती कमावलेली गोष्ट होती.

दुसऱ्याच आठवड्यात मी रजा टाकून आबांच्या साहेबांना भेटलो. साहेब सज्जन होते. म्हणाले, “गुडघा दाखवला तर डॉक्टर हलक्या कामाची शिफारस करतील. मी तुमच्या वडिलांना मागं सुचवलं होतं, तेच नको म्हणाले.”

घरी येऊन मी आबांशी वाद घातला.

“दुखतोय खरा,” आबा म्हणाले, “पण चाललं की मोकळा हुतो. बसलो तर धरंल.”

मी जीवशास्त्राचा माणूस. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी गुडघ्याची आकृती काढली. दोन हाडं, मध्ये कूर्चा. म्हटलं, “आबा, ही गादी झिजत चाललीय. जितकं चालाल तितकी झिजेल.” आबांनी आकृती हातात घेऊन नीट पाहिली. मला वाटतं, त्यांना ती पटली नव्हती, पण आपल्या मुलानं ती न बघता काढली याचं त्यांना अप्रूप वाटलं. आई म्हणाली, “पोरगं एवढं शिकलंय, कवातरी ऐका की त्याचं.” तिथं विषय मिटला.

महिना-दोन महिन्यांत आबांना रेल्वेच्या स्टोअरच्या दाराशी बसायचं काम मिळालं. लाकडी खुर्ची, वर पंखा. कुणी सामान न्यायला आलं की कुलूप उघडायचं, गेलं की लावायचं. आईनं वस्तीत पेढे वाटले. रुळांवर काम करणाऱ्या गँगमधले जुने सोबती जाता-येता थट्टा करायचे, “आबा, खुर्चीची चावी बघितली का? ढिली आसंल, ठोका की!” आबा हसायचे. विहारात एका रविवारी कुणीतरी माझं उदाहरण दिलं. मुलगा असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

त्याच वर्षी मी बारावीला पेशीतला तो प्रसिद्ध धडा शिकवत होतो. डीएनएवरून आरएनए तयार होतो, आरएनएवरून प्रथिन तयार होतं, आणि प्रथिनं सगळी कामं करतात. पुस्तक इंग्रजीत, समजावणं मराठीत. माणसाच्या डीएनएचा अगदी थोडा भाग प्रथिनांसाठी वापरला जातो, हेही सांगून झालं. तेव्हा कवठे येमाईहून एस.टी.नं येणारी एक मुलगी उभी राहिली.

“सर, मग उरलेला काय करतो?”

“काही नाही,” मी म्हणालो. “रद्दी आहे ती. पिढ्यान्‌पिढ्या साठलेली.”

वर्ग हसला. ती मुलगी बसली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला उत्तर पटलेलं नाही. मला ते तेव्हा उद्धटपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, मी एकाच वर्षात दोन ठिकाणी एकच चूक केली. जे कामाचं दिसत नाही ते काम करत नाही, असं मी वर्गातही धरून चाललो आणि घरातही. आबांचं चालणं माझ्या लेखी फक्त पोटासाठी होतं. पोटाची सोय झाली की त्याचं काम संपलं.

आबांचा गुडघा खुर्चीवर बरा झाला नाही. ते म्हणाले होते तसा तो धरला. वजन वाढलं. पण मला आधी जाणवलं ते वेगळंच. संध्याकाळी त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. “आज काय झालं आबा?” म्हटलं की म्हणायचे, “काय व्हणार? बसलोतो.”

ते निवृत्त झाल्यावर मी आई-आबांना शिरूरला आणलं. तोवर माझं लग्न होऊन एक मुलगी झाली होती, आणि मी कर्ज काढून गावाबाहेर तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. रांजणगावच्या कंपन्यांमुळं शिरूर वाढत होतं. घरासमोरून सकाळ-दुपार-रात्र पाळीच्या बसगाड्या जायच्या. आबा व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या बघत बसायचे. मी स्कूटर घेतली होती. दाढीला जायचं तर स्कूटर, दवाखान्यात स्कूटर, कोपऱ्यावरच्या दुकानात तंबाखूला जायला निघाले तरी मी म्हणायचो, “थांबा, सोडतो.” शेजारचे म्हणायचे, “नशीबवान म्हातारा. जमिनीला पाय लागू देत नाही पोरगा.”

विसरणं हळूहळू आलं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग एकच प्रश्न पुन्हा पुन्हा. “बस गेली का?” “गेली आबा.” “बस गेली का?” एकदा दौंडला जुन्या सोबत्याच्या मुलीचं लग्न होतं. मला परीक्षेचं काम होतं, म्हणून मी त्यांना एकट्याला एस.टी.त बसवून दिलं. रस्ता त्यांच्या ओळखीचा. लग्नघरातून दुपारी फोन आला, आबा पोचलेच नाहीत. मी स्कूटर काढून त्या रस्त्यानं निघालो. ते न्हावऱ्याच्या स्टँडवर बाकावर बसलेले सापडले. चहावाला म्हणाला, “सकाळधरनं बसल्यात. कुठं जायचंय इचारलं तर सांगता येईना. मी च्या दिला दोनदा.”

मला पाहून आबांना हायसं वाटलं, पण त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. म्हणाले, “मास्तर, बरं झालं आलात.”

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. वयाचा आजार आहे म्हणाले, मेंदूच्या पेशी कमी होतात, औषधानं थोडा फरक पडला तर पडेल. मी विचारलं, कशामुळं? ते म्हणाले, “नक्की असं एक कारण सांगता येत नाही.” हे उत्तर मला पुढं पुन्हा ऐकायला मिळणार होतं.

दोन हजारचं दशक संपत आलं असताना कवठ्याची ती मुलगी पेढे घेऊन घरी आली. पुण्याला तिला पीएच.डी. मिळाली होती. विषय विचारला तर म्हणाली, “सर, तुमची रद्दी.”

मला क्षणभर काही आठवेना. मग आठवलं आणि कान गरम झाले.

माझ्या बायकोनं दिलेला चहा घेत घेत तिनं समजावलं. त्या भागावरूनही आरएनए तयार होतात. त्यांच्यापासून प्रथिन होत नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. त्यातले काही अगदी लहान असतात, काही लांबलचक. ते स्वतः काही बांधत नाहीत. दुसऱ्या संदेशांवर नजर ठेवतात. कुठल्या संदेशापासून प्रथिन होऊ द्यायचं, किती होऊ द्यायचं, कुठला मध्येच थांबवायचा, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो.

“आणि ते करतात कुठं हे सगळं?”

“सगळीकडं. माझं काम मेंदूवर आहे. शिकणं, लक्षात राहणं, त्यात त्यांचा बराच संबंध दिसतोय. आता लोक आणखी एक बघायला लागलेत. उंदराला पिंजऱ्यात पळायचं चाक दिलं की त्याच्या मेंदूत यातले काही वाढतात, काही घटतात.”

आबा तिथंच खुर्चीवर होते. “तू कुठली गं?” त्यांनी विचारलं.

“कवठ्याची, आबा.”

मी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे चालण्या-पळण्यानं मेंदूतले हे बदलतात?”

“उंदरात तसं दिसतंय. माणसात अजून फार थोडं कळलंय.”

“तू कुठली गं?”

“कवठ्याची, आबा. येमाईच्या.” तिनं तितक्याच आनंदानं पुन्हा सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आमच्या घरातले पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. आज्जा तर ऐंशीच्या पुढं हायेत, पण डोकं असलं खणखणीत, आख्ख्या गावाला नाव घेऊन शिव्या देतात.”

मला तेच हवं होतं. मी घाईनं म्हणालो, “बघ! चालण्यामुळंच. आणि मी आबांना बसवलं.” मग मी तिला सगळं सांगून टाकलं. साहेबांना भेटलो ते, गुडघ्याची आकृती, खुर्ची, स्कूटर. विद्यार्थिनीपुढं असं बोलायचं नसतं, पण तोंड थांबेना.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “सर, आज्ज्यांचा धाकटा भाऊ पण त्यांच्याबरोबर तेवढाच चालला. त्या भावाला आता स्वतःचं घर सापडत नाही.”

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

“एका माणसावरून ठरत नाही, सर. चालणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो, एवढं लोक म्हणतात. पण आबांना कशामुळं झाला हे मी सांगू शकत नाही. कुणीच नाही.”

“आता चालवलं तर?”

“चालवा की. झोप लागेल, भूक लागेल. गेलेलं परत येईल असं मात्र मनात धरू नका.”

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण धरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आबांना घेऊन घोड नदीच्या पुलाकडं निघायला लागलो. पहिले काही दिवस ते फाटकापाशीच अडून बसायचे. “कुठं न्यायला लागलायसा मला? गाडी हाय की दारात.” जी सवय मी लावली होती ती मलाच मोडायची होती. हळूहळू ते यायला लागले. हातात काठी दिली होती. रस्त्याच्या कडेला पांढरे-काळे रंगवलेले दगड होते. आबा प्रत्येक दगडाला काठीनं टोला द्यायचे आणि पुढं जायचे. एखाद्याला दोन द्यायचे. मी विचारलं नाही. ते काय करताहेत हे मला माहीत होतं.

त्यांना झोप लागायला लागली. भाकरी मागून घ्यायला लागले. आणि मी हावरा झालो. परत आल्यावर खुर्चीत बसवून मी त्यांना विचारायला लागलो, “आबा, आज वार कोणता? माझं नाव काय? नातीचं नाव काय?” वर्गात तोंडी परीक्षा घेतो तसं. बरोबर आलं की मला वाटायचं, आत कुठंतरी ते बारीक आरएनए कामाला लागलेत. चुकलं की मी दुसऱ्या दिवशी जास्त लांब न्यायचो. माझ्या लक्षात आलं नाही की पूल जवळ आला की आबा हसतमुख असतात, आणि घर जवळ आलं की त्यांची पावलं जड होतात.

एका सकाळी त्यांनी नातीचं नाव चुकवलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा चुकलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “साहेब, उद्या सांगतो.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ होतं.

“बापाची परीक्षा घेतोस व्हय रं? नापास झाला तर काय वरच्या वर्गात घालणार न्हाईस?” तिचा आवाज चढला होता. “फिरवायचं तर फिरव. न्हाईतर र्‍हाऊ दे त्येंना खुर्चीत. तुला पुण्य पायजे म्हणून त्येंना कशाला छळतोस?”

त्या दिवसापासून मी प्रश्न बंद केले. नुसते चालायचो. आबा टोले द्यायचे, मी शेजारून जायचो. त्यांचा आजार थांबला नाही. पुढं ते मला ओळखेनासे झाले, पण जोवर उभं राहता येत होतं तोवर सकाळी चपला घालून दाराशी तयार असायचे. शेवटचे काही महिने अंथरुणावर गेले. गेले तेव्हा मी शेजारी होतो.

त्यानंतर मी बरंच वाचत आलो. अजूनही वाचतो. व्यायाम करताना स्नायूंतून अतिशय बारीक पिशव्या रक्तात सुटतात आणि त्यांत हे लहान आरएनए असतात, असं आता कळलंय. त्यातल्या काही मेंदूपर्यंत पोचत असाव्यात असं दिसतं. मेंदूतल्या पेशींना जगवणारं, त्यांच्यात नवे जोड व्हायला मदत करणारं एक प्रथिन असतं. काही आरएनए त्याची निर्मिती दाबून ठेवतात, आणि पळणाऱ्या उंदरांत ते आरएनए कमी झालेले आढळले. बरंचसं काम अजून उंदरांवरचंच आहे. माणसात रक्त तपासता येतं, जिवंत मेंदू उघडून बघता येत नाही. आणि आबांच्या बाबतीत चालणं एकटंच थांबलं नव्हतं. बघणं थांबलं, सोबती सुटले, संध्याकाळी सांगायचं संपलं. त्यातलं कशानं काय केलं, हे वेगळं काढायला माझ्याकडं काही साधन नाही. खूप दिवस मला वाटायचं, विज्ञानानं एकदाचं सांगावं की मी दोषी आहे, म्हणजे सुटेन. ते तसं सांगत नाही, आणि निर्दोषही म्हणत नाही. त्या धड्याला मी वर्गात आता रद्दी हा शब्द वापरत नाही, एवढं मात्र झालं.

आबा गेल्यावर राहिली आई. दळण आणायला मी स्कूटरवर जायचो. एकदा कॉलेजातून येताना पाहिलं, आई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीतून घराकडं निघाली होती. गाडी थांबवली. ‘बस मागं’ हे शब्द तोंडात आले होते. ते गिळून मी स्कूटर बंद केली, कडेला लावली आणि तिच्याबरोबर चालायला लागलो.

“का रं? पेट्रोल संपलं व्हय?”

“नाही.”

“मग आसं काय करतोस येड्यागत?”

“तुझ्याबरोबर येतो.”

ती चालत राहिली. माझा हात सवयीनं डब्याकडं गेला. “जड आहे का?”

“जड आस्ता तर तुला हाक मारली आस्ती.”

मी हात मागं घेतला. कोपऱ्यावर दुकानाच्या पायरीवर दोघं-तिघं ओळखीचे बसले होते. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, “काय मास्तर, पगार कमी पडायला लागला काय? म्हातारीच्या डोक्यावर डबा, आन् तुम्ही हात हालवत!”

बाकीचे हसले. माझे कान तापले, बारशाच्या पंगतीत तापले होते तसेच. हात पुन्हा डब्याकडं जायला निघाला. मी तो खिशात घातला. त्यांना काय सांगणार होतो? स्नायू, रक्त, पिशव्या, उंदराचं चाक?

आई न थांबता म्हणाली, “त्याला मोकळ्या हातानं चालवंना झालंय, डबा कुठनं न्हेतोय? बघ की, किती मागं राहिलाय.”

मी खरंच मागं राहिलो होतो. भराभर चालत तिला गाठलं. मग वाटेत तिनं सांगायला सुरुवात केली. गिरणीवाल्याची सून नांदायला आली, वरच्या आळीतल्या नळाला पाणी नाही, शाळेच्या भिंतीवर कुणाची तरी कोंबडी चढून बसली होती. घर येईपर्यंत ती सांगत होती. स्कूटर मी संध्याकाळी जाऊन आणली.